सगळ्यात आधी सांगणारी बाई

डॉक्टरबाईंनी बेल वाजवली की आधी आतला टीव्ही बंद होई, मग कुजबूज होई आणि मग दार उघडे, तेही साखळीपुरतं.

"घरात कुणाचा घसा दुखतोय का? ताप? आवाज बसलाय?"

"छे हो! सगळे ठणठणीत आहेत."

नेमकं तेव्हाच आतून कुणीतरी खोकलं, तर दारातल्या गृहिणी चटकन म्हणत, "आमचं मांजर आहे ते."

दार बंद होई. डॉक्टरबाई पुढच्या दाराकडे वळत. त्या वस्तीत त्या आठवड्यात मांजरं फार झाली होती.

वाचकहो, यात हसण्यासारखं आहे, पण आपल्यापैकी कितीजणांनी असं मांजर पाळलेलं नाही? घरातलं आजारपण म्हणजे घरातली अब्रू, ती उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, अशी शिकवण आपल्याला कुणी मुद्दाम देत नाही. ती आपोआप अंगी मुरते.

डॉक्टरबाई औषध लिहून देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या साथरोगतज्ज्ञ होत्या. एखादा आजार कुठून कुठे चालला आहे, कुणाला गाठणार आहे, त्याला वाटेत कुठे अडवता येईल, हे शोधायचं त्यांचं काम. हे काम घरच्यांना समजावून सांगण्यात त्यांची निम्मी नोकरी संपली होती. सासूबाई तर अजूनही म्हणत, "एवढं शिकलीस आणि दारोदार हिंडतेस. साबण विकणारी मुलगीसुद्धा काहीतरी विकून घरी जाते गं. तू नुसतीच प्रश्न विचारून येतेस!"

"आई, उत्तरं घेऊन येते ना."

"मग आज काय आणलंस?"

"मांजरं," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि चपला बाहेरच काढून थेट न्हाणीघरात गेल्या.

खालच्या मजल्यावर त्यांची थोरली जाऊ राहत असे; डॉक्टरबाई त्यांना वहिनी म्हणत. दोघींचे नवरे फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे दोन्ही घरं तशी एकच होती. जावेची मुलगी दिवसभर वर-खाली पळत असायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. काकूच्या पिशवीतली विजेरी घेऊन सगळ्यांचे घसे तपासायचे, हा तिचा आवडता खेळ. आजीच्या घशात तिला एकदा "खूप जुनं काहीतरी" दिसलं होतं.

वस्तीत आलेला आजार होता घटसर्प. म्हाताऱ्यांना नावानेच धडकी भरवणारा आणि तरुण आईबापांनी फक्त लशीच्या कार्डावर वाचलेला. घसा दुखतो, ताप बेताचाच असतो, त्यामुळे सर्दीपडसं वाटून माणूस गाफील राहतो. पण घशात करडा पापुद्रा धरायला लागतो, मान सुजते, श्वास कोंडतो. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचं विष रक्तात उतरून काळजाला धरतं. त्यावर प्रतिविषाची सुई आहे. ती लवकर मिळाली तर माणूस वाचतो. विष एकदा काळजात भिनलं की तीच सुई हात टेकते. म्हणून आजारी मूल वेळेवर सापडणं, हाच सगळा प्रश्न होता.

पहिलं मूल सापडलं ते शिवणकाकूंचं.

शिवणकाकू म्हणजे शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाई. एका खोलीत मशीन, कोपऱ्यात मुलांना माप द्यायला उभं करायचं स्टूल. नवरा नव्हता. मुलाने घास गिळताना तोंड वाकडं केलं, तेव्हा त्यांनी त्याला खिडकीपाशी नेऊन आ करायला लावलं, आणि आत जे दिसलं ते पाहून हातातलं काम तसंच टाकून त्याला दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे कोण कोण येऊन गेलं?" तेव्हा त्या बिचकल्या नाहीत. कुणाची मुलं माप द्यायला आली, कुणाची बाही उसवून पुन्हा घातली, कोण त्यांच्या मुलाबरोबर खेळत बसलं, सगळं त्यांनी आठवून आठवून सांगितलं.

"विसरले असेन तर उद्या पुन्हा विचारा, मॅडम. रात्री आणखी आठवेल."

त्यांच्या सांगण्यावरून बरीच मुलं वेळेत सापडली. काहींचे घसे नुकतेच धरत होते. त्यांना सुई मिळाली, बरोबरच्यांना गोळ्या मिळाल्या, ज्यांची लस राहिली होती त्यांना लस मिळाली. शिवणकाकूंचा मुलगाही धोक्यातून बाहेर आला. डॉक्टरबाईंच्या कार्यालयात एखाद्या कामाचं कौतुक क्वचितच होतं. ते त्या वेळी झालं.

आणि मग डॉक्टरबाईंच्या हातून ती चूक घडली. चूक अशी, की त्यांच्या पेशातल्या माणसाच्याच हातून व्हावी.

कार्यालयातल्या फळ्यावर साथीचं चित्र काढायची एक पद्धत असते. जो रुग्ण पहिल्यांदा सापडतो त्याचा गोल मधोमध काढायचा आणि त्याच्यापासून पुढे सापडलेल्यांकडे बाण न्यायचे. ही आपली कामाची सोय. डॉक्टरबाईंनी ते चित्र शाळेतल्या पालकांच्या सभेत मोठ्या पडद्यावर दाखवलं. रुग्णाचं नाव कुणाला कळू द्यायचं नाही हा नियम त्यांनी कसोशीने पाळला होता. एकही नाव नव्हतं. फक्त प्रत्येक गोलाशेजारी त्या घरातल्या मोठ्या माणसाचा व्यवसाय लिहिला होता. दुकान. नोकरी. वाहनचालक. आणि मधोमध, सगळ्यात मोठ्या गोलाशेजारी, शिवणकाम.

सभा संपल्यावर पालक उठून आले. "मॅडम, इतकं छान समजावलंत! अगदी डोळ्यांसमोर आलं," असं एक बाई म्हणाल्या. डॉक्टरबाईंना बरं वाटलं. लाजाळू माणसाला वाटतं तसं, जरा जास्तच बरं वाटलं.

त्यानंतर वस्तीत एकही नवा रुग्ण सापडेना. बेल वाजवली की दार पूर्वीपेक्षा लवकर बंद होऊ लागलं. मांजराचंसुद्धा नाव कुणी घेईना. कार्यालयात सहकारी म्हणाले, "आटोक्यात आली म्हणायची!" डॉक्टरबाईंनाही तसंच मानावंसं वाटत होतं.

शिवणकाकूंच्या मुलाची पुन्हा तपासणी करायची होती, म्हणून त्या एके दुपारी तिकडे गेल्या. खोलीचं दार सताड उघडं होतं. मशीनवर चादर घातलेली. एरवी रंगीत कापडाचे गठ्ठे छतापर्यंत असत, तिथे आता भिंत दिसत होती. मुलगा स्टुलावर बसून एकटाच पत्ते लावत होता.

"या मॅडम," शिवणकाकू म्हणाल्या. "तुम्हालाच काय ती आत यायची भीती नाही."

"काम नाही का सध्या?"

"काम आहे की. लोकांना गणवेश हवेतच. पण माझ्या हातचे नकोत. न शिवलेलं कापड परत घेऊन गेले सगळे. एका बाईंनी तर चिमट्याने उचललं हो, चिमट्याने! मी म्हटलं, बाई, गेल्या वर्षी याच हातांनी तुमच्या लेकीचा गणवेश सैल केला होता."

"पण का?"

शिवणकाकूंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"तुम्हीच विचारताय?"

"मी तुमचं नाव कुठेही लिहिलं नव्हतं!"

"नाव नव्हतं. शिवणकाम होतं. या सगळ्या वस्तीत मशीन किती घरांत आहे, ते तुम्हीच मोजून सांगा. तुमचं तर कामच मोजायचं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट उतरला होता. "घरमालक म्हणतात, खोली रंगवायची आहे, दुसरीकडे बघा. इतकी वर्षं पोपडे पडत होते, तेव्हा रंग आठवला नाही. याला शाळेत घेतात, पण याच्या बाकावर कुणी बसत नाही."

मुलाने पत्त्यांवरून मान वर केली नाही.

"मी लोकांशी बोलेन," डॉक्टरबाई पुटपुटल्या.

"काय बोलाल? खरं सांगू, मॅडम? मी तोंड मिटून बसले असते, औषधाच्या दुकानातून काहीतरी आणून पाजलं असतं, तर तुमच्या चित्रात मी कुठे असते? कुठेच नसते. सगळ्यात आधी सांगितलं, हाच माझा गुन्हा. पोरगं वाचलं, मी गप्प बसते. पण यापुढे इथे कुणी तुम्हाला काही सांगायचं नाही. मी कुणाला शिकवलेलं नाही हं. माझ्याकडे बघून ते आपोआपच शिकलेत."

डॉक्टरबाई कार्यालयात परतल्या त्या थेट मोठ्या सरांच्या खोलीत. मोठे सर म्हणजे विभागातले सगळ्यात जुने साथरोगतज्ज्ञ, निवृत्तीला टेकलेले. बोलताना चष्मा काढून पुसायची त्यांना सवय होती, आणि चष्मा जितका वेळ पुसला जाई तितकं ऐकणाऱ्याचं काही खरं नसे, असं सगळे गमतीने म्हणत. त्या दिवशी त्यांनी बराच वेळ पुसला.

"मी खोटं काही दाखवलं नाही, सर."

"नाहीच ना. खोटं असतं तर खोडता आलं असतं. मला सांग, तो मुलगा सगळ्यात आधी आजारी पडला, हे तुला ठाऊक आहे?"

"नाही. तो सगळ्यात आधी सापडला."

"मग त्याला मधे का बसवलंस?"

"फळ्यावर कुठून तरी सुरुवात करावीच लागते, सर. आपण सगळे तसंच काढतो. तुम्हीच शिकवलंत!"

"हो, मीच शिकवलं," सर म्हणाले. "फळ्यावर. तुला नि मला त्यात गोल आणि बाण दिसतात. लोकांना त्यात एक बोट दिसतं, कुणाकडे तरी रोखलेलं. माणूस आजारी पडतो तेव्हा तो आजाराचा पहिला मार खाणारा असतो गं, आजार आणणारा नसतो. त्यालाही तो कुणाकडून तरी आलेला असतो. ज्याच्याकडून आला, तो कदाचित तुझ्या सभेत पुढच्या रांगेत बसून मान डोलवत असेल."

"लोकांनी चुकीचा अर्थ लावला, त्याला मी काय करू?"

"दुरुस्त कर. पुन्हा त्यांच्यासमोर उभी राहा."

"आत्ता? सर, एकही नवा रुग्ण नाही. उगाच पुन्हा खळबळ माजेल. साथ संपली की बघते."

सरांनी चष्मा घातला. "रुग्ण नाहीत, की आपल्याला दिसेनासे झालेत? अगं, आपल्याकडे यंत्रं आहेत, नकाशे आहेत, सगळं आहे. पण आजाराचा माग शेवटी माणसाच्या बोलण्यावरून लागतो. एका आईने विश्वासाने तोंड उघडलं की दहा मुलं वाचतात. तिला त्याची शिक्षा झाली की शंभर तोंडं मिटतात. वस्ती एवढी शांत झाली आहे ना, त्याचीच मला भीती वाटते."

डॉक्टरबाईंना ते पटलं. पण पटणं आणि चारचौघांत उभं राहून 'माझं चुकलं' म्हणणं, यात फार अंतर असतं. त्यांनी ते दुसऱ्या दिवसावर ढकललं, मग आणखी पुढच्या दिवसावर. असे काही दिवस गेले.

भिंगरी वर आली नाही, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं ते सासूबाईंनी.

"पोरगी फिरकली नाही गं. माझा घसा तपासायचा राहिलाय."

"परीक्षा आली असेल, आई."

तरी त्या संध्याकाळी डॉक्टरबाई खाली गेल्या. त्यांनी बेल वाजवली. आतला टीव्ही बंद झाला. कुजबूज झाली. आणि मग दार उघडलं, साखळीपुरतं.

आपल्याच घराचं दार! डॉक्टरबाईंनी ते हाताने धरून ठेवलं.

"वहिनी, भिंगरी कुठे आहे?"

"अभ्यास करतेय. तू दमून आली असशील ना? जा, पड जरा. उद्या येईल ती वर."

"साखळी काढा."

"अगं, झोपली आहे..."

"आत्ताच अभ्यास करत होती ना? साखळी काढा, वहिनी!"

भिंगरी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. एवढ्या उकाड्यात तिच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला होता. डॉक्टरबाईंनी तो सोडला. मान दोन्ही बाजूंनी फुगली होती. "काकू," ती म्हणाली, आणि आवाज एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखा घोगरा आला. विजेरीच्या उजेडात घशात करडा पापुद्रा पार पडजिभेपर्यंत पसरलेला दिसला.

"कधीपासून?"

वहिनी मफलरची घडी घालू लागल्या.

"वहिनी, कधीपासून आहे हे?"

"सर्दीच वाटली गं मला! दुकानातून गोळ्या आणल्या. गुळण्या केल्या. लांबच्या एका डॉक्टरांना फोनवर विचारलं, तेही खोटं नाव सांगून."

"आणि मी? मी डोक्यावर राहते तुमच्या! लोकांच्या मुलांचे घसे बघत दिवसभर हिंडते मी!"

तेव्हा वहिनी उसळल्या. घाबरलेलं माणूस उसळतं तशाच.

"म्हणूनच नाही सांगितलं! त्या शिवणवालीचं काय केलंस ते डोळ्यांनी पाहिलंय मी. सभेत मी मागे बसले होते. बाहेर पडल्या पडल्या सगळ्या बायका तिच्याबद्दलच बोलत होत्या. मीही बोलले! आणि मग हिचा घसा दुखायला लागला. उद्या माझ्या पोरीला तशी मधोमध बसवली असतीस ना तू? तिच्याशी कोण बोललं असतं? कोण बसलं असतं तिच्या बाकावर?"

डॉक्टरबाईंनी भिंगरीला उचललं.

दवाखान्यात प्रतिविषाची सुई मिळाली. मुलांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "श्वास मोकळा राहील असं वाटतं. पण उशीर झालाय. विष हृदयापर्यंत किती गेलंय, ते आत्ताच सांगता येणार नाही. पुढचे काही आठवडे तिला अंथरुणातून उठू द्यायचं नाही. लक्ष ठेवावं लागेल."

भिंगरीला अंथरुणातून उठू द्यायचं नाही! दोघी जावा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. आत यंत्र एका लयीत टिकटिक करत होतं, आणि ती लय जरा कुठे चुकल्यासारखी वाटली की दोघी एकदमच उठत.

"पोर चार वर्षांची असताना एक लस राहिली होती तिची," वहिनी मधेच म्हणाल्या. "ताप येतो म्हणून पुढे ढकलली. तू दोनदा आठवण केली होतीस. मी 'झाली' म्हणून सांगितलं."

डॉक्टरबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. वहिनींना बोल लावायचं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण वहिनींच्या तोंडाला कुलूप कुणी घातलं होतं? सर म्हणाले होते, दुरुस्त कर. त्या साथ संपायची वाट पाहत राहिल्या, आणि साथ खालच्या मजल्यावर येऊन बसली!

सकाळी सासूबाईंना वॉर्डापाशी बसवून डॉक्टरबाई शिवणकाकूंकडे गेल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "माझं चुकलं. माझ्यामुळे तुमचं काम गेलं, बदनामी झाली. आणि मला कळल्यावरही मी गप्प राहिले. मला माफ करा."

शिवणकाकू बांधाबांध करत होत्या. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मॅडम, तुमची पुतणी दवाखान्यात आहे असं ऐकलं. लवकर बरी होऊ दे. पण रागावू नका, माफी माझ्या खोलीत मागून काय उपयोग? मला कुठे ठाऊक नाही की मी काही केलेलं नाही? ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासमोर सांगा."

"आज संध्याकाळी. आमच्या इमारतीच्या अंगणात. याल?"

"बघते," शिवणकाकू म्हणाल्या. याचा अर्थ हो असाही होत नव्हता आणि नाही असाही.

संध्याकाळी अंगणात बरेच लोक जमले. शाळेतल्या बहुतेक मुलांची घरं त्याच इमारतीत आणि आजूबाजूला होती. काही खाली आले, काही गॅलरीत उभे राहिले, म्हणजे वेळ आली तर आत जाता यावं. मोठे सरही येऊन मागे उभे होते. डॉक्टरबाईंच्या हातात चित्र नव्हतं, कागद नव्हता. त्या पुढे होऊन बोलू लागल्या.

"त्या सभेत मी तुम्हाला जे चित्र दाखवलं, त्यात मधे जो गोल होता, तो आजार आणणाऱ्याचा नव्हता. सगळ्यात आधी खरं सांगणाऱ्याचा होता. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. त्या बाई गप्प बसल्या असत्या तर तुमच्यातल्या किती मुलांना सुई वेळेत मिळाली नसती, ते मला ठाऊक आहे."

"आता असं म्हणताय!" तळमजल्यावरचे एक गृहस्थ पुढे आले. ते विमा उतरवायचं काम करत, म्हणून सगळे त्यांना विमावाले म्हणत. "बाण तर तिच्याच घरून निघत होते. तुम्हीच दाखवलंत. आता स्वतःच्या घरात आजार आला म्हणून सारवासारव चाललीय का?"

गर्दीत कुजबूज झाली. डॉक्टरबाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात जिन्यापाशी उभ्या असलेल्या वहिनी पुढे आल्या. कालच्याच साडीत, केस विस्कटलेले.

"हो, आमच्याच घरात आलाय!" त्या म्हणाल्या. "माझी भिंगरी दवाखान्यात आहे. तिला घटसर्प झालाय. मी लपवलं. घरात डॉक्टर असून लपवलं. का? तर तुम्ही काय म्हणाल म्हणून! त्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, त्यांचा मुलगा पत्ते खेळतोय. मी नाही सांगितलं, माझी पोर कुशीवरसुद्धा वळू शकत नाही. आता मला कुणी चिमट्याने उचललंत तरी चालेल. तिच्याबरोबर तुमची मुलं खेळली आहेत. त्यांचे घसे दाखवा! माझ्यावर हवं तेवढं थुंका, पण आधी मुलांचे घसे दाखवा!"

गॅलरीतल्या काहींनी मुलांना जवळ ओढलं.

मग तळमजल्यावरचं एक दार उघडलं. विमावाल्यांची बायको दारात उभी होती.

"पुरे झालं," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू आत जा."

"नाही जाणार. डॉक्टर, आमच्या मुलाचा घसा धरला होता. शिवणकाकूंच्या मुलाच्याही आधी. आम्ही दुसऱ्या गावी नेऊन औषध आणलं, कुणाला बोललो नाही. घसा बरा झाला. पण आता तो खोलीतल्या खोलीत चालला तरी त्याला धाप लागते. ओठ निळे पडतात. हे म्हणतात, अशक्तपणा आहे, होईल कमी." ती आत गेली आणि मुलाला कडेवर घेऊन बाहेर आली. मुलगा कडेवर घ्यायच्या वयाचा नव्हता. त्याचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते.

डॉक्टरबाई धावल्या. त्यांनी मुलाचं मनगट धरलं. नाडी मधेच अडखळत होती. सरांनी लगेच रुग्णवाहिकेसाठी फोन लावला.

आणि नेमकं तेव्हाच गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे यांच्यामुळे झालं हे सगळं!"

"आणि हेच मघाशी तोंड वर करून बोलत होते!"

"काढा यांना इथून!"

विमावाल्यांनी खाली मान घातली. त्यांची बायको मुलाला छातीशी घट्ट धरून मागे सरकली. बोटं पुन्हा उगारली होती, फक्त त्यांची दिशा बदलली होती.

"खबरदार!"

फाटकापाशी शिवणकाकू उभ्या होत्या. केव्हा आल्या, कुणी पाहिलं नव्हतं. त्या गर्दीतून वाट काढत आल्या आणि त्या मायलेकरांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"आता यांना मधे बसवणार का? माझी जागा रिकामी झाली म्हणून?" त्यांनी गॅलरीकडे पाहिलं. "अहो, यांनाही तो कुणाकडून तरी आलाच असेल ना! तो कोण, ते शोधत बसायचं, की पोरं वाचवायची? मी सांगितलं, मला काय मिळालं ते सगळ्यांनी पाहिलं. आज ही बोलली. हिलाही तेच दिलंत, तर उद्या तुमच्या घरात कुणाचा घसा दुखला की तुम्ही काय कराल? मांजर आहे म्हणून सांगाल!"

विमावाले काहीतरी बोलायला गेले. शिवणकाकू त्यांच्याकडे वळल्याही नाहीत. त्यांनी मुलाचे लोंबणारे पाय हातांवर उचलून धरले, म्हणजे आईला ओझं कमी व्हावं, आणि दोघी मिळून त्याला फाटकापर्यंत घेऊन गेल्या.

गाडी निघून गेल्यावरही लोक अंगणातच होते. मग गॅलरीतून एक आजोबा खाली आले, नातवाचं बोट धरून. "याचा आवाज बसलाय दोन दिवस," ते हळूच म्हणाले. "ओरडून ओरडून बसला असेल. पण बघून घ्या." त्यांच्यामागे एक आई आली. मग आणखी एक. डॉक्टरबाईंनी विजेरी काढली. वहिनी मुलांना ओळीत उभं करू लागल्या, आणि रडणाऱ्या मुलांना आ करून दाखवू लागल्या.

वाचकहो, त्या संध्याकाळी सगळं ठीक झालं असं लिहायचा मोह होतो, पण ते खरं नाही. भिंगरीचं काळीज किती सावरलं हे कळायला अजून अवकाश होता. विमावाल्यांच्या मुलाला तर त्याहून जास्त. शिवणकाकूंच्या घरमालकांनी आपला शब्द मागे घेतला नाही, त्यांना खोली सोडावीच लागली. वहिनींनी आणि आणखी काही बायकांनी मिळून त्यांना पलीकडच्या रस्त्यावर दुसरी मिळवून दिली, आणि गणवेशाचं कापड घेऊन पहिल्या वहिनीच गेल्या. तरी काही लोक अजून दुसरीकडेच शिवायला टाकतात. झालेली बदनामी अंगावरून इतक्या सहज उतरत नाही.

पण त्या दिवसानंतर डॉक्टरबाईंच्या कार्यालयात मधोमध कुणालाच बसवत नाहीत. आणि नवीन मुलं-मुली या पेशात शिकायला येतात, तेव्हा डॉक्टरबाई त्यांना पहिल्याच दिवशी सांगतात, की ज्याने आपल्याला विश्वासाने सांगितलं, त्याला जपणं हे आपल्या कामाचं पहिलं औषध आहे. बाकीची नंतर.

हे फक्त त्यांनाच लागू आहे असं नाही. साथ आली की आपण सगळेच कुणीतरी एक शोधतो, ज्याच्या अंगावर सगळं ढकलून आपण हात झटकू शकू. ज्याने तोंड उघडलं त्यालाच आपण शिक्षा केली, तर पुढच्या वेळी आपल्याच दाराआड एखादं मूल घुसमटत पडेल आणि कुणाला कळणारही नाही. आजारी माणूस गुन्हेगार नसतो. आणि जो आधी सांगतो, तो तर आपल्या सगळ्यांचा उपकारकर्ता असतो. त्याच्या बाकावर जाऊन बसायला आपल्याला जमलं पाहिजे.